खाडीपलीकडचे उत्तरदायित्व

दडपशाहीच्या राजवटींत उत्तरदायित्व, म्हणजे सत्ताधाऱ्याने आपल्या कृत्याचा जाब देण्याची रीत, रुजावी म्हणून श्रीमंत राष्ट्रे निधी राखून ठेवतात. त्याच राष्ट्रांच्या तिजोरीची दुसरी वाट पाहायची असेल तर दाभोळला यावे. तेथेही नाव तेवढे दाभोळचे, कारण एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प उभा राहिला तो वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात. परदेशी गुंतवणुकीला कर्ज व विमा पुरवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्था त्याच्या पाठीशी होत्या. शिवाय भारतीयांचे ‘शिक्षण’ आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे तिच्या अधिकाऱ्यांनी 1995 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. हे शिक्षण प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळणींपर्यंत बहुधा पोहोचले नसावे, कारण 3 जून 1997 रोजी पहाटे पोलिसांनी दारे फोडून त्यांना घराबाहेर ओढले आणि लाठ्यांनी मारले, त्यांत एक गरोदर स्त्रीही होती. राज्य तेव्हा हुकूमशहाचे नव्हते, तर प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करून निवडून आलेल्या युतीचे होते. प्रकल्पावरील बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी भरते, हे ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने जानेवारी 1999च्या अहवालात मांडले. ही संघटना कोणत्याही सरकारचा पैसा घेत नाही असे सांगते, हा योगायोग नोंदवण्याजोगा. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉनने दिवाळे काढले ते वेलदूरचा जाब देता आला नाही म्हणून नव्हे, तर भागधारकांचा हिशेब देता आला नाही म्हणून.