सरावशूर

परीक्षेच्या विषयाशी ज्याला सोयरसुतक नसतं, पण प्रश्नपत्रिकेवर मात्र ज्याचा जीव जडलेला असतो, तो सरावशूर. शाळेत तो धडा वाचत नाही, धड्याखालचे प्रश्न वाचतो. दहावीला '21 अपेक्षित', बारावीला सीईटीचे गठ्ठे, पुढे पुण्याला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेच्या टेस्ट सिरीज, अशी त्याची चढती कमान असते. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या नमुन्याने पूर्व परीक्षा सरावात इतक्या वेळा पार केली, की खरी पार करायची राहूनच गेली.

मग त्याचा मावसभाऊ क्रूझवरच्या बारमध्ये लागला. डॉलरमधला पगार ऐकून घरात बैठक बसली आणि यानेही बारटेंडर व्हायचं ठरलं. दुसऱ्या कोणी आधी एखाद्या बारमध्ये उभं राहून कामाचा अंदाज घेतला असता. याने विचारलं, "त्याची परीक्षा कुठली असते?"

लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टची असते. संस्था 1969 सालची, तिच्या स्पिरिट्सच्या लेव्हल टूला धंद्यात मान आहे आणि वर्ग मुंबईतही चालतात. माहितीपत्रक घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. 50 प्रश्न, 60 मिनिटं, उत्तराला चार पर्याय, 55 टक्क्यांना पास. "आणि काका, निगेटिव्ह मार्किंग नाही!" चुकीच्या उत्तरांपायी गुण कापून घेण्यात ज्याचं तारुण्य गेलं, त्याला याहून मोठं सुख ते कोणतं? शिवाय या पातळीवर चव ओळखण्याची परीक्षाच नसते.

वर्गात मात्र चव घ्यायला देतात. ही त्याला अभ्यासातली अडगळ वाटायची. बाकीची मुलं ग्लास हुंगून त्यात धूर, व्हॅनिला, सुकं अंजीर असं काहीबाही शोधत असताना हा हात वर करी, "सर, हे पेपरला येतं का?" नाही म्हटलं की घोट थेट थुंकायच्या कपात.

खरी तयारी घरी, सराव संचांवर. हे संच त्याने कुठून कुठून गोळा केले देव जाणे. कपाटाचा एक खण भरला होता. त्यांवरून त्याने नियमही बांधले होते: 'नेहमी' आणि 'फक्त' असलेला पर्याय आधी खोडायचा. सगळ्यात लांबलचक पर्याय बहुधा बरोबर, कारण पेपर काढणारा खरं बोलताना जपून बोलतो. (हे निरीक्षण मला पटलं.) बर्बनमध्ये मका निदान 51 टक्के लागतो आणि स्कॉच ओकच्या पिंपात निदान 3 वर्षं ठेवावी लागते, हे त्याच्या डोक्यात नव्हतं. सतराव्या प्रश्नाचं उत्तर 'क', हे होतं.

ही चोरी पकडली ती त्याच्या आईने. वहिनी माळकरी, आषाढीला पायी वारी करणाऱ्या. पण मुलाचा अभ्यास घ्यायचा म्हटल्यावर त्यांनी सोवळं-ओवळं बघितलं नाही. मी गेलो तेव्हा त्या मेथी निवडत होत्या आणि मांडीवर प्रश्नसंच होता.

"टकिला कशापासून करतात?"

"क."

"क काय, क? नाव सांग."

"पर्याय वाच ना, आई."

वहिनींनी पर्याय शेवटून वाचले. चिरंजीवांनी पुन्हा "क" म्हटलं. आला बटाटा.

"ब्लू अगावे रे! मेक्सिकोतलं घायपात. मागच्या संचातही हेच चुकलास."

कोन्यॅकच्या वर्षांवरून तर रणच माजलं. व्हीएस 2 वर्षं, व्हीएसओपी 4, इथवर सगळं सुरळीत. ("मुरांब्यासारखंच की," वहिनी म्हणाल्या.) एक्सओला मात्र दोन संच म्हणत 6 आणि एक म्हणे 10. सरावशूराने बहुमताने 6 मंजूर केले.

"असं मतदानाने ठरतं होय? फोन लाव सरांना."

सरांनी सांगितलं ते असं: आधी 6 वर्षंच पुरत होती, 2018 पासून निदान 10 लागतात. जुन्या संचावरून नवा संच उतरवणाऱ्याला याचा पत्ता नसतो, त्यामुळे एकाची चूक पुढच्या सगळ्यांच्या उत्तरसूचीत सुखाने नांदते. सराव संच वाईट, असं मी म्हणणार नाही. नुसतं वाचण्यापेक्षा स्वतःला विचारून पाहिलेलं जास्त टिकतं, आणि ते टिकलंही. वहिनींना.

पठ्ठ्या डिस्टिंक्शनमध्ये पास झाला. एक्सओचा प्रश्न आलाच नाही, याची हळहळ त्याला अजून आहे.

क्रूझचं बोलावणं येईपर्यंत हात बसावा म्हणून त्याला एका ओळखीच्या परमिट रूमच्या काउंटरवर उभा केला. (आपल्याकडे दारू विकायचा परवाना दारूबंदी कायद्याखाली मिळतो, यावर त्याने लगेच एक प्रश्न रचला.) पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "एक नाइन्टी, पाणी मिक्स." याला नेग्रोनी पाठ: जिन, कंपारी, गोड व्हर्मूथ, 30-30-30. सिलॅबसमध्ये नाइन्टी नव्हती. हातात पेग मेजर धरून तो चार पर्यायांची वाट बघत राहिला. शेवटी जुन्या कॅप्टनने ते त्याच्या हातून घेतलं, "मोठी बाजू एकदा, छोटी एकदा," म्हणत ओतलं आणि शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवली. कॅप्टनला विचारलं असतं, तर त्या 50 पैकी 5 तरी प्रश्न आले असते की नाही, शंकाच आहे.

हल्ली सरावशूर स्वतःचा प्रश्नसंच तयार करतोय, पुढच्या मुलांसाठी. क्रूझचं नंतर बघू म्हणतो. उत्तरसूची तपासायला वहिनी आहेत.

परवा त्यांचे धाकटे दीर दुबईहून आले. सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्यांनी पिशवीतून एक्सओची बाटली काढून टीपॉयवर ठेवली आणि किंमत सांगायला तोंड उघडलं. वहिनी देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "भावजी, ही 2018 च्या आधीची का नंतरची? आधीची असेल तर सहाच वर्षांची धरायची हं."