आठ दिवस आठ तासांत वैमानिक व्हा

कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, तुमच्या लॉगबुकात 200 तासांचं उड्डाण हवं असतं. भागाकार करून पाहा. 200 तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. आपल्याकडे चारधाम यात्रेलाही याहून जास्त दिवस लागतात. मग तुमच्या ओळखीतला पायलट व्हायला गेलेला मुलगा दोन वर्षं झाली तरी घरी का आला नाही? उरलेल्या दिवसांत नेमकं काय करायचं असतं, तेवढंच खाली सांगितलं आहे. बाकी उडणं फारसं अवघड नाही.

1. वडिलांना गाठा. रात्रीचं जेवण झाल्यावर, टीव्ही बंद असताना. खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातो, हे एका दमात सांगू नका. 'हप्त्यांनी भरता येतात' या वाक्यापासून सुरुवात करा. घरात कुणीतरी जे. आर. डी. टाटांचं नाव काढेलच. हो, 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे रांगेत त्यांच्यापुढे कुणी नव्हतं, हे लक्षात घ्या.

2. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. कॉमर्स घेतलं असेल तर खचू नका, मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पुन्हा देता येतात. घर्षणाचे नियम तुम्ही विसाव्या वर्षी, मिशा फुटल्यावर, नव्यानं पाठ कराल. त्यात कमीपणा कसला?

3. स्वतःचं नाव काय आहे ते ठरवा. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, तेही चुकीचं. आता ही तिन्ही माणसं एकच आहेत, हे सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र, नोटरी, बोर्डाकडून पडताळणी, मग ऑनलाइन अर्ज, मग 'दस्तऐवज अस्पष्ट आहे' असा शेरा, मग पुन्हा स्कॅन. काही होतकरू वैमानिकांचा विमानापेक्षा जास्त वेळ झेरॉक्सच्या दुकानात गेलेला असतो. दुर्दैवानं ते तास लॉगबुकात धरत नाहीत.

4. आधी क्लास वन मेडिकल करून घ्यावं आणि मगच फी भरावी, असं जाणकार सांगतात. डोळे, कान, ईसीजी, रक्त, रंग ओळखणं, सगळं त्यात येतं. पण तुम्ही जाणकारांचं ऐकू नका. आधी फी भरा, शेजाऱ्यांना पेढे वाटा, आणि मग लाल-हिरव्या ठिपक्यांत दडलेला आकडा शोधायला बसा. थरार हवा असेल तर तो इथंच आहे.

5. अभ्यासाला लागा. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक विषय. प्रत्येकात 70 टक्के हवेत. तीसेक हजार फुटांवरून वाहणाऱ्या जेट स्ट्रीमची पूर्ण कुंडली तुम्हाला तोंडपाठ पाहिजे. तुमचं सेस्ना 152 कितीही जीव काढून चढलं तरी पंधरा हजार फुटांच्या आतच दमतं, ही बाब परीक्षेत विचारत नाहीत. वायरलेससाठी उच्चार सुधारा: तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नवाला 'नाइनर'. खरखरीतून आकडे नीट ऐकू जावेत म्हणून ही सोय आहे. मग याच तोंडानं इंग्रजी येत असल्याची वेगळी परीक्षा द्या.

6. गणवेश शिवून घ्या. सरला ठकराल यांनी 1936 साली साडी नेसून एकटीनं जिप्सी मॉथ उडवलं. तो काळ वेगळा. तुम्हाला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गॉगल लागेल, कारण पुढची पायरी मुख्यतः बसण्याची आहे.

7. बसा. पावसाळ्यात ढग खाली असतात. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापून विमान हवेत असं हिंदकळतं की इन्स्ट्रक्टरच नको म्हणतात. हवा उत्तम असेल त्या दिवशी विमान शंभर तासांच्या तपासणीला हँगरमध्ये उघडं पडलेलं असतं. विमान जोडून झालं की इन्स्ट्रक्टर सुटीवर. दोघंही हजर असले तर फळ्यावर तुमच्या नावाच्या वर आठ नावं असतात. फळ्याशी भांडू नका. प्लास्टिकची खुर्ची सावलीत ओढा आणि दुपारचं मेसमधलं वरण चुकवू नका, कारण ते एकच काम तिथं वेळेवर होतं.

8. नंबर लागला! घाई नको. विमानाभोवती फेरी मारा. पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक कपात काढा आणि उजेडाकडे धरा. एव्हगॅस फिकट निळं दिसतं. त्यात पाणी असेल तर जड असल्यानं तळाशी वेगळं बसतं, बुडबुड्यासारखं. हा संपूर्ण अभ्यासक्रमातला एकमेव क्षण, जिथं तुम्हाला जे पाहायचंय ते खरंच दिसतं. एरवी कागद.

एकदा इंजिन सुरू झालं की मात्र पटपट आवरा. चाकाखालचा ठोकळा निघाल्यापासून परत लागेपर्यंतचा वेळ मोजला जातो. पन्नास लाखांना 200नं भागा. तासाला 25 हजार, मिनिटाला चारशेच्या वर. रनवेवर कुत्रं आलं आणि तुम्ही पाच मिनिटं थांबलात, तर त्या कुत्र्यानं वडिलांचे दोन हजार खाल्ले.

9. स्टॉल शिका. नाक फार वर केलं की पंखावरची हवा सुटते, भोंगा केविलवाणं रडतो आणि विमान खाली बसतं. उपाय एकच, जमीन समोर दिसत असताना नाक आणखी खाली दाबायचं. हात ऐकत नाहीत. इन्स्ट्रक्टर ऐकवतात.

10. उतरा. नजर रनवेच्या लांबच्या टोकाकडे, हळूहळू नाक उचला, विमानाला स्वतःहून टेकू द्या. तुम्ही अर्थातच जवळच्या डांबराकडे बघाल, दचकून कंट्रोल ओढाल, विमान पुन्हा उडेल आणि तीन उड्यांनंतर थांबेल. टेन्शन घेऊ नका, लॉगबुकात ते एकच लँडिंग.

11. पहिल्या सोलोनंतर डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. मोबाइल आधी मित्राकडे द्या. रील त्यालाच काढायची आहे.

12. आता एकट्यानं 300 सागरी मैलांची फेरी मारा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. वाटेत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून. नकाशावर नदी, रेल्वे, तलाव शोधत जायचं असतं. बारामतीच्या बाजूला खाली ऊस, गोंदियाकडे भातखाचरं. दोन्ही वरून सारखीच हिरवी.

13. पेनाचा मोह टाळा. पेनाला इंधन लागत नाही आणि ढग आडवे येत नाहीत. 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढलेले काही वैमानिक पकडले गेले, हवेत न गेलेले तास लॉगबुकात चढवल्याची प्रकरणंही उघडकीला आली. त्यात फसलेल्यांबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. सातव्या पायरीवर फार काळ बसलं की माणूस काहीही लिहितो. त्यांच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांबद्दल मात्र जास्त आहे.

14. परवाना हातात आला की तो घेऊन लगेच एअरलाइनच्या दारात उभं राहू नका. त्यांना एअरबस 320 किंवा बोइंग 737 चालवणारा हवा असतो आणि तुम्ही दोन सीटांचं विमान चालवून आलेला असता. यावर टाइप रेटिंग हा उपाय आहे, पुन्हा काही लाखांचा. वडिलांना पुन्हा पहिल्या पायरीवर न्या, जेवणानंतरच. हे प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरमध्ये होतं. तो जमिनीला पक्का बसवलेला असतो. सिम्युलेटर महाग, म्हणून तो चोवीस तास चालू ठेवतात आणि नवशिक्यांच्या वाट्याला कधीकधी रात्री दोनची वेळ येते. डबा सोबत न्या, त्या वेळी कॅन्टीन बंद असतं.