मसुदाकार साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय मसुदाकार साहेब,
स्वेच्छानिवृत्ती योजना, सरकारी बँका, सन 2000

विषय : आपल्या लेखणीबद्दल कृतज्ञता

महोदय,

आपली योजना आजही वाचली की डोळे दिपतात. पंधरा वर्षं सेवा किंवा वयाची चाळिशी, एवढीच अट. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी ते हातात. शिवाय ग्रॅच्युइटी आणि नियमानुसार पेन्शन किंवा भविष्यनिर्वाह निधी. सुमारे एक लाख लोक बाहेर पडले.

पण आपलं खरं कसब पुढच्या कलमांत. एकदा दिलेला अर्ज कर्मचाऱ्याला मागे घेता येणार नाही. तो मंजूर करायचा की फेटाळायचा, ही मात्र बँकेची मर्जी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

या मर्जीमागचं शहाणपण आम्ही ओळखतो. 1891 साली लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीनं जाहिरात दिली, ‘आमचं औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ.’ एका बाईंनी ते वापरलं, फ्लू झाला, आणि कोर्टानं कंपनीला पैसे मोजायला लावले. अट पाळली की तीच संमती. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं आठवं कलमही हेच सांगतं. असल्या एकतर्फी करारात अडकायला आपण काय दूधखुळे? म्हणून मंजुरीची किल्ली आपण खिशात ठेवलीत.

डिसेंबर 2002 मध्ये, स्वर्णकार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं त्या किल्लीकडेच बोट दाखवलं. मर्जी बँकेची, म्हणजे योजना हा प्रस्तावच नव्हे, नुसतं निमंत्रण. प्रस्ताव म्हणजे कर्मचाऱ्याचा अर्ज, आणि मंजुरीपूर्वी तो मागे घेता येतो. योजनेचे पैसे घेतलेल्यांना मात्र माघार नाही. स्वतःसाठी ठेवलेल्या पळवाटेतून आपण समोरच्यालाही सोडवलंत. केवढं हे औदार्य!

मग पेन्शनचा हिशेब आला. 1995 च्या पेन्शन नियमांत वीस वर्षं सेवा करून स्वेच्छेनं जाणाऱ्याच्या सेवेत पाच वर्षांपर्यंत भर घालण्याची तरतूद होती. बँका म्हणाल्या, ती या योजनेला लागू नाही. माणसं घरी बसल्यावर! गरज सरो, वैद्य मरो. 2009 मध्ये, मोहनदास खटल्यात, न्यायालयानं विचारलं ते साधंच : पेन्शन नियमानुसार देऊ असं तुम्हीच लिहिलंत ना? मसुदा तुमचा, संदिग्धता तुमची. तिचा फायदा तुम्हाला कसा? वाढीव वर्षं द्यावी लागली.

साहेब, ही देणी आपण उपकाराच्या सुरात लिहिता. पण आपल्या इच्छेवरून दुसऱ्यानं काही केलं किंवा सोडलं, तर करार कायद्याच्या लेखी तोच मोबदला. इथे तर माणसानं चालू नोकरी सोडली, उरलेल्या वर्षांचा पगार सोडला, बढतीची आशा सोडली. एवढी किंमत वसूल केल्यावर उरतं ते देणं, दान नव्हे.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या योजनेत शब्द फिरवायचाच असेल, तर माणसानं राजीनाम्यावर सही करण्याआधी फिरवा. त्यानंतर तो फिरवण्याचा हक्क आपल्याला नाही.

आपल्या मसुद्यांचा
एक निस्सीम चाहता