लंगडी गाय, भाव दहा हजार

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सिल्विस नावाच्या गावी जॉन डिअर क्लासिक ही गोल्फ स्पर्धा भरते. नाव ट्रॅक्टरवाल्यांचं, गोल्फ मात्र खराखुरा. अनेक वर्षं ती ब्रिटिश ओपनच्या आदल्या आठवड्यात येई. साहजिकच बडी मंडळी समुद्रापार वारा जोखायला गेलेली आणि इकडे पंगतीत उरलेसुरले.

या उरल्यासुरल्यांतून फँटसीवाल्यांनी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ मांडणाऱ्यांनी, सहा गोल्फर निवडायचे. ड्राफ्टकिंग्ज या फँटसी संकेतस्थळावर प्रत्येक गोल्फरला भाव असतो आणि संघासाठी ५०,००० लुटुपुटुचे डॉलर मिळतात, म्हणजे डोईमागे सव्वाआठ हजारांच्या जरा वर. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, तेव्हा एरवी मधल्या फळीत दिसणारा इसम अचानक दहा हजारांचा सरदार होतो. मग अभ्यास! कुणाचं पटिंग बरं, कोण कुठल्या गवतावर रमतो... मुलाचं स्थळ बघतानासुद्धा एवढी चौकशी होत नसेल.

अभ्यासाला आधारही आहे म्हणा. स्टीव्ह स्ट्रिकरने २००९ ते २०११ सलग तीनदा ही स्पर्धा जिंकली. पण २०१३ साली एकोणीस वर्षांच्या जॉर्डन स्पीथने शेवटच्या होलवर वाळूतून मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला, आणि प्लेऑफनंतर करंडक त्याचाच. असल्या चेंडूसाठी अभ्यासाच्या तक्त्यात रकाना नसतो.

एव्हाना संघात पाच जण भरलेले, गाठीला ६,३०० उरलेले. सहाव्या जागी ज्याच्या फोटोऐवजी नुसती करडी आकृती दिसते, तो गृहस्थ घ्यायचा. वर छातीठोकपणे सांगायचं, ‘याच्यावर कुणाची नजर नाहीये.’