आजींची गल्ली

शिकागोचं रिगली फील्ड हे बेसबॉलचं मैदान 1914 सालचं. बांधणाऱ्यांना गाड्या लावण्याची काळजी नव्हती. ती आज आमच्या बंड्याला आहे. रेड लाइनचं अ‍ॅडिसन स्टेशन मैदानाला खेटून, तरी साहेबांना गाडीच न्यायची. मागच्या गल्लीत एक आजी पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभ्या. पार्किंग, चाळीस डॉलर! हातवारे असे, की जणू विमानच उतरवतायत.

"लूट आहे रे!" बंड्या करवादला.

"पुण्यातल्या आजींनी पाटीवर फुकटात अपमान केला असता," मी म्हटलं.

मग इटालियन बीफ सँडविच. अख्खा पाव रश्शात बुचकळलेला, वर तिखट लोणच्याच्या चुलतभावासारखी जार्डिनेरा. कोपरं टेबलावर, पाय मागे, तोंड पुढे. शर्ट वाचवायचा तर असंच उभं राहायचं.

"अरे, हा तर आमचा कटवडा!" कोल्हापूरच्या सुन्याला गहिवरून आलं. (त्याला नायगराही रंकाळ्यासारखाच वाटला होता.)

खाण्याच्या नादात तीन इनिंग बुडाल्या. सामना रटाळ म्हणून सातवीतच निघालो, तर आजींनी आमच्या गाडीमागे आणखी दोन गाड्या लावलेल्या. आजी म्हणाल्या, "ते येतील की, मॅच संपल्यावर."