वसुलीनंतरचं घर

गुन्हेगारीवरच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडे एकच सूर लागतो : पोरं बिघडतात. माझं म्हणणं वेगळं आहे. वाईट माणसाची गोष्ट पुरती सांगितली तर पोरं शहाणी होतात. घात करते ती अर्धवट सांगितलेली.

'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' हा २००२ सालचा गेम घ्या. त्यात दुकानदारांनी हप्ता द्यावा म्हणून मॉलमधल्या काचा फोडायच्या, तेही घड्याळ लावून. काच फुटली, काम फत्ते. दुकानदार कोण, त्याच्या घरी कोण, याचा पत्ताच नाही.

आता २०१८ चा 'रेड डेड रिडेम्प्शन २'. टोळीतला आर्थर मॉर्गन सावकारी वसुलीसाठी डाउन्स नावाच्या आजारी माणसाला त्याच्या कुंपणापाशी बदडतो. तो माणूस आर्थरच्या तोंडावर खोकतो. हा प्रसंग खेळाडूला टाळता येत नाही. डाउन्स मरतो आणि त्या खोकल्यातून आर्थरला क्षय जडतो. पुढे डाउन्सची बायको शरीर विकताना दिसते, मुलगा खाणीत राबताना. पात्राची खोली म्हणतात ती ही. मारणारा त्या घरापासून सुटत नाही.

बीडमध्ये बसून हे खेळताना जिल्ह्यातलं मस्साजोग गाव आठवतंच. ६ डिसेंबर २०२४ ला पवनचक्की प्रकल्पावर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. ९ तारखेला भररस्त्यातून त्यांचं अपहरण झालं, हत्या झाली. मुळाशी दोन कोटींची खंडणी होती, असं आरोपपत्र सांगतं. मार्च २०२५ मध्ये छळाचे फोटो बाहेर आले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्याआधी याच जिल्ह्यात पिस्तूल दाखवणाऱ्या रील पोरं एकमेकांना पाठवत होती, खाली 'भाऊ'चा जयजयकार. त्या रीलमध्ये गोळी सुटते तिथेच गोष्ट संपते. कोणाच्या चुलीवर काय आलं, हे तिथे कधी दिसत नाही. मला संताप येतो तो याचा.

पुण्यात गेम बनवणारी मंडळी आहेत. त्यांनी देशमुखांच्या घराला हात लावू नये, ते दुःख त्या घराचं आहे. पण बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, ती फिटली नाही की त्याला डांबून ठेवल्याच्या तक्रारी होतात. यावर गेम करा. खेळाडू मुकादमाचा माणूस. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत वसुली करायची. झोपडीतली भांडी उचलून आणली की पैसे जमा. आणि पुढच्या हंगामात त्याच झोपडीवर पुन्हा जायचं. तिथे कोण उरलंय ते बघायचं. हा टप्पा वगळायचं बटण मात्र ठेवू नका.