बूथ आला दारी

मतदाराला बूथपर्यंत साधारण दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक. तो पाळण्यासाठी २०२४च्या लोकसभेला अरुणाचलातल्या मालोगामच्या एकुलत्या एक मतदार बाईंकरिता कर्मचारी यंत्र घेऊन सुमारे ४० किलोमीटर डोंगर तुडवत गेले. बाईंनी मत दिलं. मालोगामचं मतदान शंभर टक्के!

मुंबई त्याहून दुर्गम. त्याच निवडणुकीत इथलं मतदान २० मे रोजी, म्हणजे शनिवार-रविवारला लागून सोमवारी आलं आणि निम्मे मतदारराजे एक्स्प्रेसवेवर प्रचाराला निघाले. मागे उरलेले उन्हात ताटकळले. दारात पोचल्यावर कळलं, आत मोबाइल चालत नाही. (ही तक्रार मात्र रास्त होती. मोबाइल ठेवायचा कुठे, हे कुणीच सांगत नव्हतं.)

आयोगानं मनावर घेतलं. २० नोव्हेंबरच्या विधानसभेसाठी मुद्दाम बुधवार निवडला आणि मुंबई-पुणे-ठाण्यातल्या टॉवर-सोसायट्यांत हजाराहून जास्त केंद्रं थाटली. गुडघे गेलेल्या आजी-आजोबांची सोय झाली, हे कबूल. बाकीच्यांसाठी क्लबहाऊसमधलं टेबल-टेनिसचं टेबल भिंतीला लावून यंत्र मांडलं, तर ग्रुपवर पहिला मेसेज पडला : ‘टेबल कधी मोकळं होणार?’

आकडे आले. कुलाबा ४४ टक्क्यांच्या आसपास. आधीच्या खेपेला ४० होतं, म्हणजे प्रगती आहेच. तिकडे गडचिरोलीत तीनलाच मतदान आटोपायचं, कर्मचारी हेलिकॉप्टरनं उतरवायचे, आणि आकडा सत्तरीपार. त्यांना लिफ्ट नाही, हेच त्यांच्या पथ्यावर पडत असावं.

आता आमच्या सोसायटीच्या कमिटीच्या मागण्या तयार आहेत. बूथ पोडियमवर नको, मजलानिहाय हवा. व्हिजिटर पार्किंगमध्ये झोनल ऑफिसरची जीप नको. शाई नेलपॉलिशला मॅच व्हावी.

गेटवरचा वॉचमन जतचा. त्याच्या खुर्चीपासून बूथ वीस पावलांवर, पण नाव गावच्या यादीत. भरपगारी सुट्टी सोसायटीतल्या सगळ्यांना होती. ड्यूटी एकट्या त्याला. संध्याकाळी साडेपाचला त्यानंच सेक्रेटरीसाहेबांना अदबीनं विचारलं, “साहेब, झालं का मतदान?”

“अरे कुठलं! सकाळपासून एकच लिफ्ट चालू आहे.”